सावलीला रंग

रंगीत जिलेटिन दिव्यापुढे धरलं की दिव्याला रंग आला, असं आपण म्हणतो. जिलेटिन मात्र देत काही नाही, घेतं. तांबडा ताव पांढऱ्या उजेडातला निळा आणि हिरवा भाग अडवतो आणि तांबडा तेवढा पुढे सोडतो. अडवलेल्या उजेडाची उष्णता होते. म्हणून गर्द निळं जिलेटिन हॅलोजनपुढे बराच वेळ राहिलं की आधी मधोमध फिकं पडतं, मग आक्रसतं आणि शेवटी त्याला भोक पडतं. नाटकाच्या दिव्यांजवळ वावरलेल्या माणसाला तो जळका वास लगेच ओळखू येतो.

एवढं कळलं की स्टुडिओतले रंगीत दिवे निम्मे कळले. उरलेले निम्मे कळायला सावली कळावी लागते, आणि तिथे आमची खरी अडचण आहे. आमची म्हणजे फोटो काढणाऱ्यांची, आणि काढून घेणाऱ्यांचीही.

माझा स्टुडिओ कोल्हापुरात, एका जुन्या पेठेत, एका खोलीचा. दिवसभर पासपोर्टचे, शाळेच्या अर्जाचे, स्थळांना पाठवायचे फोटो. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की खोली माझी. मग दिव्यांच्या स्टँडवरच्या, उजेड मऊ करणाऱ्या छत्र्या उतरतात, काळी कापडं निघतात, आणि ज्याला वेळ आणि संयम आहे असा कुणीतरी स्टुलावर बसतो. बहुतेक वेळा आत्या.

गणपतीच्या आधी इथल्या स्टेशनरीच्या दुकानांत जिलेटिनचे ताव सुरळ्या करून बादलीत उभे असतात. मंडळाची आरास, शाळेचं स्नेहसंमेलन, पुढे दिवाळीचा आकाशकंदील, सगळ्यांना तेच. स्वस्त असतात आणि फ्लॅशपुढे चालतातही. फक्त त्यांतला हिरवा नक्की किती हिरवा, याचा भरवसा नसतो. व्यावसायिक फिल्टरला नंबर असतो. 'ली' कंपनीचा १०६ म्हणजे प्रायमरी रेड, १८१ म्हणजे काँगो ब्लू, २०४ म्हणजे ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) दिवसाच्या उजेडाला ३२०० केल्विनच्या पिवळ्या बल्बापर्यंत उतरवणारा नारिंगी. त्यांच्या नमुन्यांची एक छोटी वही मिळते. त्यात प्रत्येक रंगाचा तुकडा असतो, आणि सोबत एक आलेख: कुठल्या तरंगलांबीचा किती उजेड यातून पार जातो. मला ती वही वाचायला आवडते. काँगो ब्लूचा आलेख बघितला की गडी किती खादाड आहे ते कळतं. निळ्या-जांभळ्या टोकाला एक फट, मग तळाला सपाट रेघ, आणि तांबड्याच्या अगदी शेवटी पुन्हा थोडा चढ. बाकी सगळं पोटात. त्यातून चेहरा उठण्याइतका उजेड काढायचा तर फ्लॅश जवळपास पूर्ण ताकदीवर न्यावा लागतो.

नवं जिलेटिन हाती आलं की पहिल्यांदा सगळे एकच करतात: एक दिवा, एक रंग, अख्ख्या चेहऱ्यावर. फोटो म्हणून त्याची किंमत फारशी नाही, पण त्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. आत्याला १०६ च्या तांबड्या उजेडात बसवलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"अगं बाई, कुंकू कुठं गेलं माझं?" ती म्हणाली, आणि कपाळाला हात लावून बोट बघितलं.

कुंकू जागेवरच होतं. पण तांबड्या उजेडात तांबडं आणि गव्हाळ हे दोन्ही जवळजवळ सारखाच उजेड परत पाठवतात, मग कॅमेऱ्याने फरक करायचा कशावरून? ओठही असेच पुसले गेले होते. गालावरचे वांगाचे डाग निवळले होते, डोळ्यांखालचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं. हातातला हिरवा चुडा मात्र काळाठिक्कर. निळं जिलेटिन लावल्यावर सगळं उलटलं. कुंकू काळं, आणि त्वचेवरचा एकूण एक ठिपका वर आला, कारण त्वचेतलं मेलॅनिन निळा उजेड जास्त शोषतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर आत्याच्या बाजूला तिची मोठी बहीण बसली आहे असं वाटावं. तिने निळा ताबडतोब पुसायला लावला.

एकरंगी उजेड कॅमेऱ्यालाही जड जातो. आतल्या, उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर बारीक-बारीक रंगीत फिल्टरांची चौकट असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, पेटंट १९७६ चं. निम्मे ठिपके हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. म्हणजे निव्वळ तांबड्या उजेडात कॅमेऱ्याच्या चारांपैकी एकाच डोळ्याला नीट दिसतं. बाकीच्या जागा तो शेजारपाजारच्या अंदाजाने भरतो. त्यात तांबडा भरून सांडायला लागला तरी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा एकूण उजेडाचा आलेख शहाण्यासारखा मध्यावर उभा असतो, आणि गालाचा मात्र सपाट तांबडा पत्रा झालेला असतो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघायचे आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड) थोडं खाली ठेवायचं.

मग रंग टाकायचा कुठे? जिथे पांढरा उजेड पोचत नाही तिथे. पांढऱ्यात सगळेच रंग असतात, त्यामुळे ज्या गालावर पांढरा पडला आहे तिथे वरून कितीही निळा ओता, तो बुडतो. मुख्य दिवा पांढराच ठेवायचा, तो बाजूला सरकवायचा, चेहऱ्याचा अर्धा भाग खुशाल अंधारात जाऊ द्यायचा, आणि त्या अंधारात हलक्या हाताने रंग सोडायचा. उजेड मोजायचं मीटर मुख्य दिव्यासाठी एफ ८ सांगत असेल तर रंगीत दिव्यासाठी ५.६ किंवा ४, म्हणजे निम्मा किंवा पाव उजेड, पुरतो. रंग कमी पडला म्हणून दिवा वाढवला की तांबड्याचा गुलाबी होतो, गुलाबीचा पांढुरका. रंग गडद हवा तर उजेड कमी करायचा, हे हाताला पटायला वेळ लागतो. मागच्या पडद्याचंही तेच. पांढऱ्या कागदावर रंग दुधाळ होतो, करड्यावर बसतो, काळ्यावर सर्वांत खोल उतरतो, पण काळा कागद उजेड भरपूर मागतो. मुख्य दिव्याचा पांढरा तिथवर सांडता कामा नये, म्हणून माणसाला पडद्यापासून पुढे ओढायचं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. छोट्या खोलीत हा एवढाच मोठेपणा आपल्या बाजूने असतो. माझ्या खोलीच्या भिंती पासपोर्टच्या कृपेने पांढऱ्याशुभ्र, त्या चारी बाजूंनी उजेड परत फेकतात. त्यांच्यावर काळी चादर टाकल्याशिवाय इथे सावलीच पडत नाही.

सावली पडू न देणं हेच तर या धंद्याचं व्रत होतं. वीज नव्हती तेव्हाचे स्टुडिओ उत्तरेकडे काचेचं छप्पर ठेवायचे, कारण उत्तरेचा उजेड मऊ आणि दिवसभर सारखा. पडद्यांनी तो आणखी मऊ करायचा. फिल्मच्या जागी तेव्हा काचा असत, आणि त्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. त्यांत कुंकू काळं यायचं, आणि सावळा माणूस होता त्याहून काळा. मग निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलने काम चालायचं. डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला, हनुवटीच्या खाली जिथे जिथे सावली असेल तिथे शिसं भरायचं, म्हणजे छापताना ती जागा उजळ येते. नंतर कुणी हौशी असेल तर छापलेल्या फोटोवर ब्रशने रंग: गालांना गुलाबी, साडीला हिरवा, दागिन्यांना पिवळा. विजेचे दिवे आले तेव्हा दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दोन छत्र्या हा कायदा झाला. एक छत्री दुसरीची सावली पुसते. चेहरा ताटासारखा लख्ख.

गिऱ्हाईक तेच मागतं, आजही. 'मुलगी जरा उजळ दिसू दे' हे वाक्य मी मुलीसमोर बोललेलं ऐकते, मुलगी ऐकत असताना. मोबाइलने तर बटणच दिलं आहे. या सगळ्यांत 'तुमचा अर्धा चेहरा मी अंधारात घालते आणि त्यात जांभळा रंग टाकते' असं कुणाला सांगायचं? सावळेपणाची लाज आणि सावलीची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं पूर्वी मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.

पैलवानांनी यात मोठा हात दिला. आमच्या भागातल्या तालमीतला एक तरुण मल्ल सत्काराच्या फ्लेक्ससाठी फोटो काढायला आला. रंग काळासावळा, अंगाला नुकतीच तेलाची मालीश. फ्लेक्सचे फोटो दहा मिनिटांत झाले. मी विचारलं, अजून थोडा वेळ आहे का, जरा वेगळं काहीतरी करून बघू. तो बसला. मी दोन्ही छत्र्या बंद केल्या, त्याच्या मागे डावीकडे उभट सॉफ्टबॉक्सला (दिव्यावर बसणाऱ्या, तोंडाशी पांढरं कापड असलेल्या पेटीला) निळं जिलेटिन लावलं आणि पुढून एकच छोटा पांढरा, कपाळ आणि नाक एवढंच उजळेल असा.

"ताई, गणपतीचा मंडप केलासा की माझा," तो म्हणाला. मग जरा काळजीने, "पर तोंड दिसतंय न्हवं?"

तोंड दिसत होतं. पण खरी गंमत खांद्यावर होती. उजेड त्वचेवरून दोन प्रकारे परत येतो. काही आत शिरतो, तिथला रंग घेतो आणि त्वचेच्या रंगाचा होऊन बाहेर पडतो. काही आत न शिरता वरूनच उडतो, आणि तो दिव्याच्याच रंगाचा राहतो. गोऱ्या कातडीत पहिला प्रकार इतका जास्त की निळा त्यात मिसळून खडूसारखा होतो. काळ्यासावळ्या अंगात पहिला कमी, म्हणून दुसरा चोख उठतो. त्याच्या खांद्याच्या, दंडाच्या कडेने निळी धार सरळ उतरली होती, कुठेही न गढुळता. दिवा जेवढा रुंद तेवढी ती झळाळी रुंद. सॉफ्टबॉक्स फूटभर जवळ आणला तर अर्धी पाठ भरते. इथे त्वचेवर उजेड पाडायचाच नसतो. त्वचेत दिव्याचं प्रतिबिंब कुठे दिसेल ते शोधायचं असतं. ज्या रंगाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पेन्सिलने पुसत आलो, तोच या कामाला सर्वांत चांगला कॅनव्हास निघाला. यावर मला अजून थोडा राग येतो, कुणावर ते नक्की सांगता येत नाही.

त्याने फोटो मोठा करून बघितला. निळ्या धारेत कुस्तीत मोडलेला कान, त्याची एकेक गाठ, स्पष्ट आली होती. "ह्यात माझा कान मस्त आलाय," तो म्हणाला. मल्लाचा मोडका कान म्हणजे त्याची पदवी. तो फोटो त्याने छापून नेला.

दोन रंगांचे दिवे ही काही स्टुडिओची करामत नाही. तिन्हीसांजेला देवघरात समई लागलेली असते आणि खिडकीबाहेर अजून उजेड असतो, तेव्हा समईपुढे बसलेल्या माणसाचा एक गाल नारिंगी आणि दुसरा निळसर दिसतो. समईचा उजेड अडवून हाताची सावली भिंतीवर पाडली तर ती काळी नसते, निळी असते, कारण तिथे खिडकीतला उजेड पोचतो आणि समईचा पोचत नाही. जर्मन कवी गटेने १८१० च्या आपल्या रंगशास्त्रात मेणबत्ती आणि संध्याकाळच्या उजेडाचा हाच प्रयोग लिहून ठेवला आहे. स्टुडिओत मी तेच कॅमेऱ्याला थोडं फसवून करते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा मानायचा ते) ३२०० केल्विनवर ठेवायचा, मुख्य फ्लॅशवर नारिंगी २०४ लावायचा. नारिंगी दिवा मग कॅमेऱ्याला जवळपास पांढरा वाटतो, आणि ज्या दुसऱ्या फ्लॅशवर काहीच लावलेलं नाही तो आपोआप निळा होतो. निळा ताव वापरायचीच गरज नाही, त्या फ्लॅशची ताकदही वाया जात नाही.

यावरून म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं सा. ल. हळदणकरांचं जलरंगातलं चित्र हटकून आठवतं: 'ग्लो ऑफ होप', १९४५-४६ चं. हळदणकर सावंतवाडीचे, चित्रात उभी आहे ती त्यांची मुलगी. हातात समई, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचंच समजून बघतात. मी ते बघते ती बोटांसाठी. ज्योतीचा उजेड बोटांच्या आरपार येतो आणि बोटांच्या कडा लालसर पेटतात. रक्त आणि मांस निळा-हिरवा अडवतात, तांबडा सोडतात, म्हणजे हाताचाच फिल्टर झाला. आणि ते सगळं जलरंगात! जलरंगात उजळ जागा म्हणजे कोरा राखलेला कागद. नंतर पांढरा चोपडून दुरुस्ती करायची सोय नाही. ज्योतीपासून चेहऱ्यापर्यंत आणि तिथून साडीच्या काठापर्यंत उजेड कसा कमी होत जातो, हे त्या माणसाने मीटरशिवाय मोजलं आहे. साडीचा मागचा भाग अंधारात सोडायला ते कचरलेले नाहीत, हेही बघण्यासारखं.

माझा सगळ्यांत आवडता खेळ मात्र याहून जुन्या प्रयोगावरून घेतलेला आहे. मे १८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक चौकडीची रिबीन पडद्यावर रंगीत दाखवली. फोटो काढले होते थॉमस सटन यांनी, तांबड्या, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळे. फिल्टर म्हणजे काचेच्या पात्रांतली रंगीत द्रावणं. मग तेच तीन रंग तीन दिव्यांपुढे ठेवून तिन्ही चित्रं एकावर एक पाडली. त्या काळच्या काचांना तांबडं मुळीच दिसत नव्हतं, तरी प्रयोग जमला कसा? शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला: रिबिनीतला तांबडा रंग अतिनील किरणही परत पाठवत होता आणि तांबडं द्रावण ते पार जाऊ देत होतं. काचेवर उमटले होते ते अतिनील किरण. योगायोगाने दोन चुका एकमेकींत बसल्या आणि रंगीत फोटोग्राफी जन्माला आली.

मी खोली पूर्ण काळोखी करते, मागे काळं कापड, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवते. तीन फ्लॅश शक्य तितके जवळजवळ, एकावर तांबडं, एकावर हिरवं, एकावर निळं. ते हाताने एकामागून एक उडवायचे. समोरचा माणूस स्थिर असेल तर तिन्ही रंग एकमेकांवर बसून त्याचा नेहमीचा, साधा फोटो येतो. निळा फ्लॅश ताकदीने बराच वर ठेवावा लागतो, नाहीतर सगळं पिवळं पडतं. जे हललं असेल ते मात्र फुटतं: एक तांबडा, एक हिरवा, एक निळा.

यासाठी आत्यासारखी मॉडेल नाही. तिला मी फक्त मान हलवू नकोस म्हणून सांगितलं, आणि तिच्या जावेचा विषय काढला. मान हलली नाही. हात कसे थांबतील? पहिल्या फ्लॅशला ते मांडीवर होते, दुसऱ्याला छातीजवळ, तिसऱ्याला डोक्याच्या वर. फोटोत मधे शांत, गव्हाळ चेहरा, कुंकवासकट. आणि त्याभोवती सहा हात, देवीसारखे, तीन रंगांचे. ओठ तेवढे थोडे फाटलेत, रंगीत छपाईत ठसा सरकावा तसे. जावेचं नाव मधेच आलं असणार. हा फोटो तिने स्वतः मागून घेतला आणि घरात लावला, जावेला दिसेल अशा ठिकाणी.

आता एलईडी आलेत. बटण फिरवलं की रंगचक्राच्या तीनशे साठ अंशांतला कुठलाही रंग. जळका वास नाही, सुरळ्या नाहीत, वही नाही. मी एक घेतला आहे आणि तो कामाचा आहे, फोटो काढायच्या आधीच सावली कशी दिसतेय ते समोर बघता येतं. पण सगळं हाताशी असलं की सगळे जण एकाच ठिकाणी जाऊन थांबतात असं दिसतं: एका बाजूने गुलाबी, दुसऱ्या बाजूने निळसर हिरवा, मधे कुणीतरी धुरात उभं. प्री-वेडिंगवाल्या जोडप्यांना तेच हवं असतं आणि मी ते करून देते, पैसे घेते. त्यात पांढरा कुठेच नसल्यामुळे ती दोघं मुळात कशी आहेत हे फोटोवरून कधीच कळणार नाही. माझ्या मते निदान नाकाच्या शेंड्याएवढा तरी साधा उजेड असावा. डोळा त्यावरून बाकीचे रंग मोजतो.

पैलवानाचा फोटो तालमीत लागला आणि त्याच्या जोडीदारांना तसेच हवे झाले. परवा तिघं जण येऊन गेले. त्यांची एकच अट: निळा नको, भगवा टाका. मी एकाला तिथेच स्टुलावर बसवून एकटा २०४ लावून दाखवला. नारिंगी उजेड गव्हाळ-सावळ्या अंगावर पडला की रंग असा वाटतच नाही, पिवळ्या बल्बाखाली बसल्यासारखं दिसतं, कारण कातडीचा रंग त्याच घराण्यातला. "ह्यो भगवा न्हाई ताई, ह्यो आमच्या माजघरातला बलब हाय," त्यांच्यातला एक म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. भगवा भगवा दिसायला शेजारच्या सावलीत थोडा निळा टाकावाच लागतो. येत्या रविवारी तिघं पुन्हा यायचेत. निळं जिलेटिन काढून ठेवलंय. आधी सांगावं की फोटो काढून मग दाखवावं, ते अजून ठरत नाही.